‘स्वमत’ पाठ करून येणारी मुले आणि चिकित्सक विचाराचा रकाना

खडूफळा (धागाकर्ता)

कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत मी १९ वर्षे विज्ञान आणि गणित शिकवत आहे. यंदा आमच्या हाती आलेल्या प्रगतिपत्रकाच्या नमुन्यात ‘चिकित्सक विचार’ असा एक स्वतंत्र रकाना आहे आणि नववीच्या माझ्या तुकडीतील ५८ मुलांच्या नावांपुढे महिनाअखेरपर्यंत त्यात श्रेणी भरायची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टी कमी करून चिकित्सक विचाराला स्थान देण्याची भाषा केली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत ज्यांना मनापासून बरे वाटले त्यांत मी होतो. आता रकाना प्रत्यक्ष समोर आल्यावर मात्र नेमके काय पाहून कोणाला ‘अ’ आणि कोणाला ‘क’ द्यायचा, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

विचार करायला लावणारे प्रश्न आपल्या परीक्षांत नव्हते, असे मुळीच नाही. विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आहे, राज्यशास्त्रात ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ आहे, आणि मराठीच्या कृतिपत्रिकेत तर चक्क ‘स्वमत’ आहे. हे प्रश्न ज्यांनी योजले त्यांचा हेतू चांगलाच असणार. परंतु गेल्या वर्षी मराठीच्या बाईंनी मला एका स्वमताची ११ उत्तरे शेजारी शेजारी ठेवून दाखवली. अकराही जणांनी लहानपणी आजोबांबरोबर बांधावर बसून भाकरी खाल्ल्याची हृद्य आठवण शब्दशः सारखीच लिहिली होती, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी शेत पाहिले ते एसटीच्या खिडकीतून. मत गाईडातले होते, ते एक वेळ समजू शकतो; आठवणसुद्धा गाईडातली होती.

म्हणून मी एक वेगळा प्रयोग केला. पावसाळ्यात आपल्या सर्वांच्या भ्रमणध्वनीवर येतो तसा एक संदेश मी फळ्यावर लिहिला: ‘राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले, धरणाला धोका, दोन तासांत शहरात पाणी शिरणार, सर्वांना कळवा.’ सोबत थोडी माहिती दिली. ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत आणि तलाव पूर्ण भरला की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून सुमारे १४२८ क्युसेक विसर्ग होतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्यानंतर विचारले, ‘हा संदेश मिळाल्यावर तुम्ही काय कराल आणि का, ते दहा ओळींत लिहा.’

दोन उत्तरे येथे देतो, कारण सगळा गुंता त्यांच्यातच आहे. पहिल्या मुलाने लिहिले की संदेश खोटा आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे सगळे खोटेच असते, सुजाण नागरिकाने असे संदेश पुढे पाठवू नयेत. दुसऱ्या मुलीने लिहिले की दरवाजे उघडल्याची बातमी खरी असू शकते, कारण जुलैअखेरीस तलाव भरतोच; पण दरवाजे आपोआप उघडणे म्हणजे धरण ठीक काम करत असल्याची खूण आहे, तेव्हा ‘धोका’ हा शब्द कोठून आला ते कळत नाही; ‘दोन तासांत’ हे कशावरून काढले तेही लिहिलेले नाही; मी आधी बंधाऱ्याची आताची पातळी किती आहे ते पाहीन, आणि आमचे घर सुतारवाड्यात खालच्या बाजूस असल्यामुळे संदेश खोटा निघाला तरी आईला कागदपत्रे वर ठेवायला सांगीन. तिने संदेश खरा की खोटा हे शेवटपर्यंत लिहिलेच नाही.

माझ्या सहकाऱ्यांनी पहिल्याला ५ पैकी ४ आणि दुसरीला २ गुण दिले. त्यांचे म्हणणे असे की निष्कर्षच नसेल तर गुण कशाला द्यायचे. मी नेमके उलटे दिले होते. एकाच शाळेत, एकाच खोलीत, एकाच उत्तरावर दोन शिक्षकांचे असे होत असेल, तर त्या रकान्यात आम्ही जे भरणार ते मुलाविषयी काही सांगेल की शिक्षकाविषयी?

जाता जाता एक. बोलीभाषेत ‘तो फार चिकित्सक आहे’ म्हणजे त्याला ताटातली कोथिंबीरही नीट निवडलेली लागते. काही पालकांनी ह्या रकान्याचा अर्थ तसाच घेतला आणि ‘आमचा मुलगा तसा नाही हो’ असे मला बजावून सांगितले.

अभ्यासिका_दुसरा_मजला

सर, मी स्पर्धा परीक्षांचा उमेदवार आहे, त्यामुळे ह्या गोष्टीची दुसरी बाजू रोज पाहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सी-सॅट आणला आणि राज्यसेवेत तो २०१३ पासून आला. उताऱ्याचे आकलन, तर्क, निर्णयक्षमता हे सगळे त्यात आहे, म्हणजे कागदावर तरी आपण ज्याला चिकित्सक विचार म्हणतो तेच आहे. त्यावर इतके वाद झाले की केंद्राने २०१५ पासून तो पेपर ३३ टक्के मिळवण्यापुरता पात्रतेचा ठेवला.

निर्णयक्षमतेच्या प्रश्नांत एक प्रसंग देतात आणि अधिकारी म्हणून तुम्ही काय कराल ते चार पर्यायांतून निवडायला सांगतात. आमच्या अभ्यासिकेत त्यावर एक ठोकताळा तयार झालेला आहे: जो पर्याय स्वतः थोडे काहीतरी करतो आणि वरिष्ठांनाही कळवतो, तो निवडावा, जो कोणावरही ओरडतो किंवा प्रसारमाध्यमांकडे जातो, तो सोडावा. प्रसंग वाचायचीही गरज फारशी पडत नाही. तुमच्या पहिल्या विद्यार्थ्याने हेच केले आहे. ‘सुजाण नागरिक’ हा शब्द लिहिला की गुण पडतात, हे त्याला आठवीपासून माहीत असणार.

गुऱ्हाळघर

मी शिक्षक नाही. करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे आणि थोरला मुलगा नववीत आहे, एवढ्या अधिकारावर लिहितो. त्याला शाळेत ‘विचारक्षमता कमी’ असा शेरा मिळालेला आहे, म्हणून धागा दोनदा वाचला.

मागच्या हंगामात एक गिऱ्हाईक थेट गुऱ्हाळावर गूळ घ्यायला आले आणि पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) दाखवून ‘हाच चांगला ना’ असे विचारू लागले. मुलगा तेथेच होता. तो त्यांना म्हणाला की पिवळ्या गुळाला सौद्यात भाव जास्त मिळतो, म्हणून रस उकळताना हायड्रोस पावडर घालून रंग आणणारे आणतात. तेव्हा नुसत्या रंगावरून आता काहीच कळत नाही. फोडून आतला कण पाहा, थोडा तोंडात टाका, आणि जमले तर एक तुकडा घरी ठेवून काही आठवड्यांनी त्याचा रंग कसा राहतो ते पाहा. आमच्याकडे भेंडीच्या रसाने मळी काढतात, त्यामुळे आमचा गूळ तांबूस दिसतो, हेही त्याने सांगितले. पण ‘आमचाच घ्या असे मी म्हणणारच, म्हणून दुसऱ्या गुऱ्हाळावरही विचारा’ असे तो पुढे म्हणाला. त्या शेवटच्या वाक्याने आमचे गिऱ्हाईक जवळजवळ गेलेच होते.

आता तुम्ही जाणकारांनी सांगावे, ह्या मुलाला विचार करता येतो की नाही? शाळेच्या चाचणीत त्याला प्लास्टिकबंदीवर मत विचारले होते. त्याने चार ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवले.

खडूफळा (धागाकर्ता)

गुऱ्हाळघर, तुमच्या मुलाने ज्या तीन गोष्टी केल्या त्या मी वर्षभर शिकवूनही माझ्या वर्गात क्वचितच दिसतात. खूण आणि वस्तू यांत त्याने फरक केला, ती खूण का बिघडली त्याचे कारण सांगितले, आणि स्वतःचा त्यात स्वार्थ आहे हेही लपवले नाही. गूळ त्याला आतून बाहेरून ठाऊक आहे, म्हणून त्याला हे जमले. प्लास्टिकबंदीविषयी त्याच्याजवळ चार ओळींचीच माहिती होती, तर चार ओळींपेक्षा अधिक विचार तो कशाचा करणार?

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये एक लेख लिहून हाच मुद्दा जोरकसपणे मांडला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की चिकित्सक विचार हे सायकल चालवण्यासारखे, एकदा आले की कोणत्याही रस्त्यावर चालणारे कौशल्य नाही. तो ज्या विषयाचा विचार आहे त्या विषयाच्या ज्ञानाशी तो घट्ट बांधलेला असतो. कॅनडातील जॉन मॅकपेक यांनी १९८१ मध्येच याहून कडक भूमिका घेतली होती. विचार नेहमी कशाचा तरी असतो, तेव्हा ‘विचार’ हा वेगळा विषय म्हणून शिकवणेच त्यांना निरर्थक वाटे. मला मॅकपेक थोडे टोकाचे वाटतात. दाव्याला पुरावा मागण्याची सवय एका विषयातून दुसऱ्या विषयात काही प्रमाणात तरी जाते, असा माझा वर्गातील अनुभव आहे. पण फार जात नाही, हेही खरे.

ह्याचा एक गमतीदार पडताळा मी वर्गात घेतला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे प्रसिद्ध आहे. टेबलावर अ, क, ४ आणि ७ असे चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस अंक आहे. ‘एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते’ हा नियम खरा आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. खरे उत्तर अ आणि ७ आहे, कारण ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. माझ्या वर्गात हे तिघांना जमले. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडे पत्त्यांऐवजी बिअर पिण्याच्या वयाच्या नियमावर बेतले, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ते बिनचूक सोडवले. रचना तीच, ओळखीचा मामला तेवढा वेगळा.

नववीच्या वर्गात बिअर नको, म्हणून मी एसटी घेतली. तिकीट तपासनीस गाडीत चढला आहे. नियम असा की ज्याच्याकडे अर्धे तिकीट आहे त्याचे वय १२ वर्षांच्या आत असले पाहिजे. एकाच्या हातात अर्धे तिकीट आहे, दुसऱ्याच्या हातात पूर्ण तिकीट आहे, तिसरा ९ वर्षांचा आहे आणि चौथी व्यक्ती ४० वर्षांची आहे. कोणाला तपासायचे? अपेक्षित उत्तर पहिला आणि चौथी व्यक्ती. अर्ध्याहून अधिक वर्गाने ते दिले. पण मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, तुमचा नियमच चुकीचा आहे. २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धे तिकीट आहे. चौथी व्यक्ती बाई असेल तर तिचे तिकीट बघून काय उपयोग? आणि पहिल्यालाही आधी वय नाही, बाई की पुरुष तेच बघावे लागेल.’

वर्ग हसला. मीही हसलो, आणि मग घरी जाताना संध्याकाळभर ते डोक्यातून जाईना. गुणदानाच्या तक्त्यानुसार तिचे उत्तर चूक होते. त्या तासाला वर्गात जो काही चिकित्सक विचार झाला, तो मात्र तेवढाच.

पूर्वपक्ष

मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. वरील मुलीने जे केले त्याला आमच्या विषयात एक चांगला आधार आहे. अनुमानाचा आकार निर्दोष आहे का हा एक प्रश्न, आणि आधारविधाने खरी आहेत का हा दुसरा. वेसन यांचे कोडे फक्त पहिला प्रश्न तपासते आणि दुसरा तुम्ही विचारूच नये अशी अपेक्षा ठेवते. मुलीने दुसरा विचारला. दोन्हींची नोंद वेगवेगळी झाली पाहिजे. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले की गोंधळ होणार.

ह्या प्रांतात व्याख्यांची कमतरता नाही. १९९० मध्ये पीटर फॅसिओन यांनी ४६ तज्ज्ञांची मते अनेक फेऱ्यांमध्ये घेऊन एक सहमतीचा अहवाल तयार केला. त्यात अर्थबोध, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचारावर स्वतःच देखरेख, अशी सहा मुख्य कौशल्ये सांगितली आहेत. मला त्या अहवालातील अधिक मोलाची गोष्ट ही वाटते की त्याने कौशल्याबरोबर वृत्तीचाही वेगळा विचार केला. एखाद्याला पुरावा तपासता येतो, पण तो तपासत नाही; विशेषतः दावा स्वतःला आवडणारा असेल तर मुळीच तपासत नाही. परीक्षा फार तर कौशल्य पाहू शकते, कारण परीक्षेत तपास करा असे प्रश्नपत्रिकेनेच सांगितलेले असते. वृत्ती कळते ती कोणी सांगितलेले नसताना.

शिकवण्याच्या बाजूने एक सुचवतो. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्व कळावे म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचे नुसते खोडून काढणे ती वितंडा. मराठीत आज ‘वाद घालणे’ म्हणजे भांडणे असा अर्थ उरला आहे, ही खेदाची गोष्ट आहे. जुन्या शास्त्रग्रंथांत लेखक स्वतःचे मत सांगण्याआधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो इतका प्रामाणिकपणे मांडतो की वाचकाला क्षणभर तोच पटावा. मुलांकडून स्वमत मागण्याऐवजी आधी परमत मागून पाहा. अलमट्टीचे उदाहरण घ्या. कोल्हापूर-सांगलीतील पुराला कर्नाटकातील अलमट्टी धरणाचे मागे फुगणारे पाणी कारणीभूत आहे, असे आपल्या भागात अनेकांचे ठाम मत आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही, आणि त्या निष्कर्षावरही पुढे टीका झाली. जो विद्यार्थी अलमट्टीला दोषी मानतो त्याने समितीची बाजू लिहावी, आणि जो समितीचे मानतो त्याने टीकाकारांची. प्रतिपक्षाला ‘हो, हेच आमचे म्हणणे आहे’ असे वाटेल इतके ते नीट उतरले का, एवढेच तपासावे. हे गाईडात सहज मिळत नाही, कारण कोणत्या मुलाला कोणती बाजू येईल हे त्याच्या स्वतःच्या मतावर अवलंबून राहते.

हे आपल्याकडे फार पूर्वीपासून होते, असे म्हणून कोणी छाती फुगवू नये, एवढी विनंती. न्यायदर्शनातील अनुमानाची पाच भागांची (पंचावयवी) वाक्येसुद्धा पुढे पाठशाळांत पाठच केली जात होती. पर्वतावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्या किती पिढ्यांनी प्रत्यक्ष धूर पाहिला होता, कोणास ठाऊक.

उत्तरेश्वर_पेठेतली_आई

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु पालक म्हणून मला एक कडू अनुभव नोंदवायचा आहे. माझ्या मुलीने एका शाळेत इतिहासाच्या तासाला ‘हे कशावरून?’ असे विचारले. प्रश्न नम्रपणे विचारला होता, हे तिच्या दोन मैत्रिणींनी मला सांगितले. उत्तर मिळाले, ‘पुस्तकात आहे म्हणून.’ तिने पुन्हा विचारल्यावर तिला उभे केले आणि वहीत ‘आगाऊपणा कमी करावा’ असा शेरा आला. त्याच सत्राच्या प्रगतिपत्रकावर ‘जिज्ञासू वृत्ती: उत्तम’ असेही छापून आले, कारण तो शेरा सर्व मुलींना सरसकट दिलेला होता.

२०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि शिक्षक त्यांतून नोंदी उतरवू लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मी त्यांना सर्वस्वी दोष देत नाही. एकेका वर्गात साठ मुले आणि नोंदींचे ढीग. परंतु जी शाळा ‘कशावरून?’ हा शब्द सहन करू शकत नाही, तिने त्याच शब्दाला श्रेणी द्यावी, हे मला विचित्र वाटते. खडूफळा सर, तुमच्या रकान्याबरोबर शिक्षकांसाठीही एक रकाना असावा: ह्या महिन्यात विद्यार्थ्याच्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, पाहून सांगतो’ असे किती वेळा म्हटले?

अभ्यासिका_दुसरा_मजला

ताईंच्या प्रतिसादाला दुजोरा. मात्र तो रकानाही डिसेंबरपर्यंत सगळीकडे ‘१२ वेळा’ असा भरून येईल.

नियामक_निवृत्त

दहावीच्या उत्तरपत्रिकांचे परीक्षण आणि नंतर नियमन मी बरीच वर्षे केले आहे, तेव्हा केवळ गुणदानापुरते लिहितो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्या वेळी मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. हजेरी मोजता येते, म्हणून दंडही करता येतो. येथे जे मोजायचे आहे ते हजेरीसारखे नाही, पण म्हणून ते अगदीच हवेतलेही नाही.

खडूफळा सर आणि त्यांचे सहकारी यांच्यातील ४ आणि २ चा फरक मला मुळीच धक्कादायक वाटला नाही. निबंधाच्या प्रश्नात असे फरक नियामकाकडे रोज येत. त्यावर उपाय ठरलेला असे: दोघांनी दहा उत्तरपत्रिका एकमेकांचे गुण न पाहता तपासायच्या, मग समोरासमोर बसून ज्या उत्तरावर सर्वांत मोठा फरक आहे तेथून सुरुवात करायची. बहुतेक वेळा असे दिसते की दोघे वेगवेगळ्या प्रश्नाचे उत्तर तपासत होते. तुमच्या सहकाऱ्यांना वाटले, प्रश्न ‘संदेश खरा की खोटा’ असा आहे. तुम्हाला वाटले, ‘निर्णय कसा घेतला ते दाखवा’ असा आहे. तुमच्या प्रश्नात ‘काय कराल आणि का’ असे शब्द असल्यामुळे माझा कौल तुमच्या बाजूने आहे, आणि त्या मुलीने ‘कागदपत्रे वर ठेवीन’ असे लिहून निष्कर्ष दिलेलाच आहे. अपुऱ्या माहितीत, चूक झाली तर कोणती चूक परवडेल हे पाहून घेतलेला तो निर्णय आहे. ५ पैकी ५ द्यावेत.

तक्ता करायचाच असेल तर तो लांबलचक करू नये. दाव्याला नेमका आधार दिला का, आधारातील उणीव ओळखली का, आणि कोणती नवी माहिती मिळाल्यास मत बदलेल हे सांगितले का, इतके पुरे. चौथा निकष घातला की शिक्षक उत्तर वाचणे सोडून तक्ता वाचू लागतात.

याशिवाय एक पद्धत मला निवृत्तीनंतर कळली आणि आधी कळली असती तर बरे झाले असते, असे वाटले. लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला. माणसाला एखाद्या उत्तराला १० पैकी ६ की ७ हे ठरवणे जड जाते, पण दोन उत्तरे शेजारी ठेवून अधिक चांगले कोणते हे सांगणे तुलनेने सोपे जाते. गुण द्यायचेच नाहीत, फक्त जोडीतील सरस उत्तर निवडायचे, आणि पुष्कळ जोड्यांवरून क्रम लावायचा. तुमच्याकडे ५८ उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तराची १० वेळा तुलना व्हावी असे ठरवले तर २९० जोड्या होतात, आणि चार शिक्षकांनी वाटून घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ७२-७३ येतात. उत्तर दहा ओळींचे असेल तर हे दोन दुपारींचे काम आहे. क्रम लागल्यावर वरची, मधली आणि खालची काही उत्तरे सर्वांनी मिळून वाचा आणि श्रेणीच्या रेषा तेथे ओढा. एसटीतील नियमच मोडीत काढणाऱ्या मुलीचे उत्तर तक्त्यात बसणार नाही, पण जोडीत ते हरणार नाही.

गुऱ्हाळघर

सौद्यात जुने व्यापारी असेच करतात. दोन रवे शेजारी ठेवतात, फोडतात, आणि एकावर हात ठेवतात. किती टक्के चांगला, असे कोणी विचारत नाही.

खडूफळा (धागाकर्ता)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मधल्या काळात काय झाले ते सांगतो.

गुऱ्हाळघर यांचा रंगाचा मुद्दा मी आमच्या बैठकीत जसाच्या तसा मांडला. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या चलनधोरणाविषयी असेच म्हटले होते की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते मोजमाप पूर्वीसारखे विश्वासार्ह राहत नाही. पिवळ्या रंगाला भाव मिळाल्यावर रंग बिघडला, स्वमताला गुण मिळाल्यावर आठवणी गाईडात गेल्या. म्हणून आम्ही ठरवले की विषय आधी जाहीर करायचा नाही, एकच कृती दोनदा वापरायची नाही, आणि ज्या विषयाची माहिती मुलांना आधी शिकवलेली आहे त्यावरच प्रश्न काढायचा.

दुसऱ्या कृतीसाठी मी अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव घेतला. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, ह्या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात, हे कोल्हापुरात सर्वांना माहीत असते. प्रश्न असा होता: ‘वर्षातून दोनदाच आणि ह्याच तारखांच्या आसपास असे का होत असावे? तुमचे उत्तर चुकीचे असेल तर ते कशावरून कळेल?’ सूर्याचे दक्षिणायन-उत्तरायण आधी शिकवून झाले होते. माझी अपेक्षा इतकीच होती की मुलांनी तारखा मोजाव्यात. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस होतात आणि २२ डिसेंबरपासून २ फेब्रुवारीपर्यंतही ४२ दिवसच होतात. डिसेंबरमधील दक्षिणतम टोकाच्या दोन्ही बाजूंस सारख्या अंतरावर सूर्य पुन्हा त्याच जागी मावळतो. दोन्ही वेळेस तो विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेस असतो.

बऱ्याच मुलांनी ‘हा देवीचा चमत्कार आहे’ असे लिहिले आणि जवळजवळ तितक्याच मुलांनी ‘हा चमत्कार नसून विज्ञान आहे’ असे लिहिले. दोन्ही गटांतील बहुतेकांनी पुढे एकही कारण दिले नव्हते. माझ्या सहकाऱ्यांना दुसऱ्या गटाला अधिक गुण द्यावेसे वाटत होते. ह्या वेळी जोड्या लावून पाहिल्यावर त्यांनीच ती दोन्ही उत्तरे तळाशी ठेवली. तारखा मोजून उत्तर देणारी ९ मुले निघाली, आणि त्यांत गाईडावर वाढलेली, एरवी पहिल्या पाचांत असणारी मुले दोनच होती.

परंतु ज्या उत्तराने माझी झोप उडवली ते एसटीवाल्या मुलीचे आहे. तिने तारखा मोजल्या आणि मग लिहिले: ‘नोव्हेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे चाललेला असतो आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे परत येत असतो. मग पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, हा क्रम दोन्ही वेळेस सारखाच कसा सांगतात? एकदा तरी तो उलटा व्हायला पाहिजे.’

मी ह्या शहरात जन्मलो, कित्येक किरणोत्सव पाहिले, विज्ञान शिकवतो, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिच्याशी बोलताना एवढे लक्षात आले की एकाच संध्याकाळी सूर्य खाली जाईल तसतशी किरणे आडवी होत प्रकाश खालून वर चढत जातो. त्यामुळे एखाद्या दिवशी प्रकाश कोठपर्यंत पोहोचला हे शेवटचे किरण इमारतीने, धूलिकणांनी किंवा ढगाने केव्हा अडवले त्यावरही ठरते. म्हणजे दिवसागणिक सरकणारा सूर्य आणि त्याच संध्याकाळी उतरणारा सूर्य, अशी दोन कारणे एकमेकांत मिसळलेली आहेत आणि ती वेगळी करावी लागतील. गाभाऱ्यात जाऊन मोजमाप करणे आपल्याला शक्य नाही, असे मी म्हणताच ती म्हणाली की आपल्या प्रयोगशाळेची खिडकी पश्चिमेलाच आहे.

रकाना परवा भरून दिला. तिच्या नावापुढे ‘अ’ लिहिला आणि शेऱ्याच्या जागी तिचा प्रश्न जसाच्या तसा उतरवला. मुख्याध्यापकांनी ‘एवढे मोठे कशाला’ म्हटले, पण खोडले नाही. पूर्वपक्ष सरांची परमताची कृती पुढच्या सत्रात अलमट्टीवर घेणार आहे. प्रयोगशाळेच्या समोरच्या भिंतीवर सोमवारपासून रोज संध्याकाळी साडेपाच वाजता उन्हाच्या चौकोनाचा वरचा कोपरा खडूने टिपला जातो आणि शेजारी तारीख लिहिली जाते. नोव्हेंबरच्या खुणांच्या वेळी ती दहावीत असेल, तरी त्या आपणच करणार, असे तिने आताच सांगून ठेवले आहे. शिपाईमामांना ती भिंत तोपर्यंत पुसू नका, असे सांगितले आहे.